पाण्यात तिसरे, स्पर्धेत पहिले: कार्ल हेडन शाळेच्या रोबोचं प्रकरण

शिक्षणातल्या रोबोटिक्सचा विषय निघाला की २००४ सालची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या पश्चिम भागातल्या एका सरकारी शाळेची चार मुलं आठशे डॉलरच्या आसपास खर्च करून पाण्याखाली चालणारा रोबो बनवतात आणि थेट एमआयटी या नामांकित तंत्रविद्यापीठाला मागे टाकतात. गोष्ट खरी आहे. पुढे तिच्यावर मासिकात लेख आला, पुस्तक आलं, चित्रपट निघाला.

पण ती सांगताना एक तपशील बहुतेक वेळा गळतो. त्या मुलांचा रोबो पाण्यात पहिला आलाच नव्हता. तलावातल्या प्रत्यक्ष कामगिरीत तो तिसरा होता. त्याच्या पुढे एमआयटी आणि केप फिअर कम्युनिटी कॉलेज हे दोन्ही संघ होते. मग एकूण स्पर्धा या मुलांनी जिंकली कशी? विद्यार्थ्यांची विचारशक्ती आणि आत्मविश्वास वाढवायला रोबो हवा असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नापाशी थांबायला हवं.

शाळा, मुलं, शिक्षक

कार्ल हेडन कम्युनिटी हायस्कूल ही स्थलांतरित, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या, गरीब कुटुंबांतल्या मुलांची शाळा. शहर वाळवंटातलं, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. चारही मुलं लहानपणी मेक्सिकोतून आलेली आणि चौघांकडेही अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नव्हती.

ऑस्कर वास्केझ शाळेतल्या लष्करी प्रशिक्षण तुकडीत चमकलेला. त्याला सैन्यात जायचं होतं, पण कागदपत्रांवाचून तो रस्ता बंद आहे हे कळल्यावर तो रोबोटिक्सकडे वळला. क्रिस्टियन आर्सेगा पुस्तकात रमणारा, आकडेमोडीत पक्का. लोरेन्झो सांतियान वर्गात थट्टेचा विषय, भांडखोर म्हणून ओळखला जाणारा. पण गाड्यांच्या दुरुस्तीत हात बसलेला. आणि लुईस अरांदा, अंगापिंडाने दणकट, अबोल, शाळेनंतर स्वयंपाकघरात नोकरी करणारा. या चौघांना एका टेबलाभोवती आणायला एरवी कोणताच विषय पुरला नसता.

शिक्षक दोन. सागरी विज्ञान शिकवणारे फ्रेडी लाजवर्दी आणि संगणक शिकवणारे ॲलन कॅमेरॉन. मरीन ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी एज्युकेशन सेंटर, म्हणजे ‘मेट’, ही संस्था पाण्याखालच्या, दुरून चालवायच्या रोबोंची स्पर्धा घेत असे. त्या वर्षी नासा आणि अमेरिकी नौदलाचं संशोधन कार्यालय तिच्या पाठीशी होतं. स्पर्धा जूनमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा आवारात होती. तिचे दोन गट होते. वरच्या गटात विद्यापीठांचे संघ उतरायचे, आणि शिक्षकांनी आपल्या मुलांचं नाव त्याच गटात घातलं. हिशेब साधा होता: शाळांकडून हरलो तर ते मुलांना लागेल, विद्यापीठांकडून हरलो तर त्यात कमीपणा नाही.

या निर्णयाला धाडस म्हणून टाळ्या मिळतात. मला तो त्याहून शहाणा वाटतो. आत्मविश्वास वाढवायचा म्हणून आपण मुलांना सहज जिंकता येईल अशी कामं देत राहतो. त्यांनाही ते कळतं, आणि मग मिळालेलं यश त्यांच्या लेखी फुकटचं ठरतं. इथे काम खरोखर कठीण होतं, फक्त हरण्याची नामुष्की आधीच काढून घेतलेली होती. या दोन्ही गोष्टी एकत्र जमणं दुर्मीळ असतं.

कामाचं स्वरूप

स्पर्धेत बुडालेल्या पाणबुडीचा देखावा तलावाच्या तळाशी मांडलेला होता. रोबोने तिथे जायचं, मोजमापं घ्यायची, गार पाण्याच्या झऱ्याचं तापमान नोंदवायचं, हरवलेल्या वस्तू वर आणायच्या आणि एका पिंपाच्या लहान तोंडातून अर्धा लिटर द्रव शोषून आणायचा. रोबो चालवणाऱ्यांना तो डोळ्यांनी दिसत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे दिसेल तेवढ्यावरच हात चालवायचे. शिवाय गुण फक्त तलावातल्या कामाचे नव्हते. तांत्रिक अहवाल लिहून द्यायचा होता आणि अभियंत्यांच्या परीक्षक मंडळासमोर तोंडी उत्तरं द्यायची होती.

एका निर्णयाची उकल

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग रोबोच्या सांगाड्यात आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

सांगाड्यासाठी मुलांनी नळकामाचे पीव्हीसी पाइप घेतले, कारण परवडणारं तेच होतं. जोडताना वापरलेल्या डिंकाचा वास इतका उग्र की रोबोचं नावच ‘स्टिंकी’ पडलं. आता पाइप पोकळ, त्यात हवा. हवा भरलेला सांगाडा पाण्यावर तरंगणार. क्रिस्टियनने पाइपांतल्या हवेचं आकारमान काढलं आणि त्याच्या लक्षात आलं की हा रोबो बुडवायचा तर वजन घालावं लागेल.

वजन म्हणजे काय घालायचं? शिशाचे तुकडे बांधता आले असते. मुलांनी वेगळा विचार केला. पाण्याखालच्या रोबोची वीज सहसा काठावरून केबलने येते. कमी दाबाची, जास्त प्रवाहाची वीज लांब तारेतून नेली की वाटेत दाब घटतो, म्हणून तार जाड घ्यावी लागते. जाड तार जड असते, पाण्यात ओढ धरते आणि रोबोचं वळणं अवघड करते. मग बॅटरीच रोबोवर का बसवू नये? बॅटरी जड असते, म्हणजे वजनाचा प्रश्न सुटला. वीज जवळच असल्याने केबलमधून फक्त संदेशांच्या आणि कॅमेऱ्याच्या बारीक तारा जातील, म्हणजे ओढीचा प्रश्नही सुटला.

पण यात धोकाही होता. बॅटरीच्या पेटीत पाणी शिरलं तर सगळंच संपलं. तो धोका तोलून त्यांनी तो पत्करला.

पाठ्यपुस्तकात हे तीन वेगवेगळे धडे असतात. आर्किमिडीजचं तत्त्व एका ठिकाणी, विद्युतरोध दुसऱ्या ठिकाणी, द्रवातला विरोध तिसऱ्या ठिकाणी, आणि प्रत्येकाच्या शेवटी त्याच धड्याची गणितं. गणित कोणत्या सूत्राचं आहे हे मुलाला धड्याच्या नावावरूनच कळतं. रोबोवर तशी पाटी नसते. एक गोष्ट हलवली की दुसरी हलते, आणि कोणत्या धड्याचा प्रश्न आपल्यासमोर आलाय हे आधी ओळखावं लागतं. रोबोटिक्समुळे विचार करायला शिकतात असं आपण ढोबळपणे म्हणतो तेव्हा त्यातला खरा ऐवज हा असतो. दोन चाकांचा तयार संच पुस्तिकेबरहुकूम जोडून काळ्या पट्टीवरून चालवला, तर यातलं फारसं काही घडत नाही. तिथे निर्णय आधीच कोणीतरी घेतलेले असतात.

अंतर मोजायला त्यांनी बांधकामात वापरतात तशी लेसरची मोजपट्टी वापरली. हे उपकरण प्रकाशाचा हवेतला वेग गृहीत धरून अंतर सांगतं. पाण्यात प्रकाशाचा वेग सुमारे तीन चतुर्थांश होतो, म्हणजे पडद्यावरचा आकडा खऱ्या अंतराच्या जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त येतो. अपवर्तनांक १.३३ हा परीक्षेपुरता पाठ केलेला आकडा इथे हिशेबात धरावाच लागतो. द्रव शोषण्यासाठी तांब्याची नळी, छोटा पंप आणि फुगा वापरला. तापमानासाठी कोणता संवेदक घ्यावा हे कळेना, तेव्हा ऑस्करने औद्योगिक मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीला सरळ फोन लावला. पलीकडच्या तज्ज्ञाने शाळकरी पोर म्हणून टोलवलं नाही. थर्मोकपल कसा वापरायचा ते नीट समजावून सांगितलं.

त्या फोनकडे बारकाईने पाहायला हवं. आपल्याला काय माहीत नाही ते नेमकं सांगता येणं आणि अनोळखी मोठ्या माणसाला ते विचारण्याचं धैर्य असणं, या दोन्ही गोष्टी त्या एका संभाषणात होत्या. विचारशक्ती आणि आत्मविश्वास हे आपण अहवालात दोन वेगळ्या रकान्यांत लिहितो. त्या मुलाच्या बाबतीत ते वेगळे काढता येत नाहीत: प्रश्न नेमका होता म्हणून तो विचारायची हिंमत झाली.

गळती

सांता बार्बाराला पोचल्यावर सरावाच्या डुबकीत रोबो भरकटला. वर काढून पाहिलं तर विजेच्या पेटीत पाणी शिरलेलं. ज्या धोक्याचा हिशेब कागदावर केला होता तो आता समोर उभा. जोडण्या पुन्हा सोल्डर कराव्या लागणार होत्या आणि गळती नेमकी कुठून होतेय ते शोधून कायमची बंद करायला वेळ नव्हता.

लोरेन्झोने प्रश्नच बदलला. पाणी आत येऊ द्यायचं नाही हे जमत नसेल, तर आलेलं पाणी तारांपर्यंत पोचू द्यायचं नाही. म्हणजे पेटीत काहीतरी शोषून घेणारं हवं. कमी जागेत सर्वांत जास्त पाणी शोषणारी आणि दुकानात सहज मिळणारी वस्तू म्हणजे टॅम्पॉन. दुकानातून ते आणायला पाठवलं गेलंही त्यालाच, आणि त्या वयाच्या मुलाचा संकोच कसा असेल ते वेगळं सांगायला नको. रात्री जागून जोडण्या नव्याने झाल्या, पेटीत टॅम्पॉन भरले गेले, आणि दुसऱ्या दिवशी रोबो चालला.

हा प्रसंग विनोदी म्हणून सांगितला जातो. मला त्यात दिसतं ते असं की वर्गात ज्याच्याकडून कुणी उत्तराची अपेक्षा करत नव्हतं, त्याचं उत्तर इथे उपयोगी पडलं, आणि ते उपयोगी पडलं हे ठरवायला कोणाच्या मताची गरज नव्हती. पेटी कोरडी राहिली की नाही एवढंच पाहायचं होतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘आपल्याला हे जमेल’ या भावनेचे चार स्रोत मांडले: स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याने केलेलं पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यातला पहिला सर्वांत बलवान. शाळेत आपण बहुतेक वेळा तिसऱ्यावर भागवतो. ‘तू हुशार आहेस, तुला जमेल’ हे शिक्षकाचं वाक्य कोरडी राहिलेली पेटी जे सांगते तेवढं कधीच सांगू शकत नाही.

परीक्षकांसमोर

आता त्या गळलेल्या तपशिलाकडे. परीक्षक मंडळात नौदल आणि नासाशी संबंधित अभियंते होते. त्यांनी तारांतल्या व्यत्ययाबद्दल विचारलं, मोटरचा वेग कसा बदलता ते विचारलं. पल्स-विड्थ मॉड्युलेशन, म्हणजे विजेचे झटपट चालू-बंद ठोके देऊन आणि ठोक्यांची रुंदी कमी-जास्त करून वेग ठरवणं, हे मुलांनी न अडखळता सांगितलं. पॉवरपॉइंटच्या पट्ट्या का नाहीत असं विचारल्यावर आलेल्या उत्तराचा आशय असा होता की काय बोलायचं हे माहीत नसलं की माणूस त्याचा आधार घेतो.

तलावात स्टिंकीने अवघड द्रव-नमुना मिळवला. सगळी कामं काही जमली नाहीत. समोर एमआयटीचा बारा जणांचा संघ होता. त्यांना एका मोठ्या तेल कंपनीने दहा हजार डॉलर दिले होते. बक्षीस समारंभात आधी कार्ल हेडनला परीक्षकांचं खास पारितोषिक मिळालं. समजूत घालायला दिलेलं असावं, असंच त्यांच्या गोटात वाटलं. मग रचनेच्या सुबकतेचं मिळालं. मग तांत्रिक लेखनाचं. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या या मुलांनी इंग्रजीत लिहिलेला अहवाल विद्यापीठांच्या अहवालांपेक्षा सरस ठरला. आणि शेवटी एकूण पहिला क्रमांक. एमआयटी दुसरी, केप फिअर तिसरं.

थोडक्यात, रोबोच्या करामतीपेक्षा रोबोबद्दल बोलता-लिहिता येण्याने ही स्पर्धा जिंकली. प्रत्येक भाग तिथे का आहे, दुसरा का नाही, काय बिघडू शकतं, हे त्या मुलांना ठाऊक होतं, कारण प्रत्येक भागासाठी त्यांनी पैशांअभावी डोकं चालवलेलं होतं.

संशोधन याच्या शेजारी ठेवून पाहू

ही माझी एकट्याची लाडकी समजूत नाही. सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा आणली. पुढे जमिनीवर फिरणारं यांत्रिक कासव तिच्या आज्ञांवर चालू लागलं. मुलं कासवाला चालवता चालवता विचार करायला शिकतील आणि तो विचार इतरत्रही वापरतील अशी मोठी आशा होती. १९८४ मध्ये रॉय पी आणि मिडियन कुर्लंड यांनी ती तपासून पाहिली. सुमारे वर्षभर लोगो शिकलेली मुलं नियोजनाच्या वेगळ्या कामात इतर मुलांपेक्षा सरस ठरली नाहीत. यंत्र हाताळलं म्हणून विचार आपोआप पसरत नाही, असा तो निष्कर्ष होता आणि उत्साही मंडळींना तो बराच झोंबला.

चार वर्षांनी डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी एक बदल केला. चूक कशी शोधायची हे त्यांनी मुलांना उघडपणे, पायरीपायरीने शिकवलं: अपेक्षित काय होतं, घडलं काय, दोहोंतला फरक कसला आहे, त्यावरून चूक कोणत्या भागात असेल, मग तिथेच पाहायचं. या मुलांनी संगणकाशी संबंध नसलेल्या लेखी सूचनांमधल्या चुकाही जास्त नेमक्या पकडल्या. दोन्ही अभ्यासांत भाषा तीच, कासव तेच. फरक होता तो विचार शब्दांत मांडून घेण्याचा.

कार्ल हेडनच्या मुलांवर असा प्रयोग कुणी केला नव्हता, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही. चार मुलं, तीही स्वतःहून आलेली, आणि शाळा सुटल्यावरही थांबणारे दोन शिक्षक. एवढ्यावरून रोबोटिक्सचा सार्वत्रिक गुण काढणं म्हणजे एका गोष्टीवर फार ओझं टाकणं होईल. पण अहवाल आणि तोंडी परीक्षा या दोन अटींनी मुलांकडून जे करून घेतलं, ते क्लार-कार्व्हर यांच्या पायऱ्यांच्या फार जवळचं आहे. त्या अटी स्पर्धेतून काढल्या असत्या, तर याच मुलांनी कदाचित हाच रोबो बनवला असता आणि तिसरा क्रमांक घेऊन घरी परतली असती. आज शाळांमध्ये होणाऱ्या बऱ्याच रोबो-स्पर्धा अशाच असतात: मैदानात कोणाचा वेगाने धावतो एवढंच पाहिलं जातं, आणि मग पालकांनी किंवा शिकवणीने बनवून दिलेला रोबोही जिंकतो.

पुढे काय झालं

इथे गोष्ट गोड शेवटाकडे जात नाही. २००६ मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन ३००’ हा कायद्याचा प्रस्ताव मंजूर केला आणि कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांना राज्यातल्या रहिवाशांची सवलतीची फी बंद झाली. क्रिस्टियनला ॲरिझोना स्टेट विद्यापीठातलं शिक्षण परवडेना, त्याने ते सोडलं. लोरेन्झो आणि लुईस खानपानाच्या व्यवसायाकडे वळले. ऑस्करने २००९ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली, मग कायदेशीर मार्गाने परतण्यासाठी स्वतःहून मेक्सिकोला गेला, आणि त्याच्यावर दहा वर्षं परत येण्याची बंदी आली. सिनेटर डिक डर्बिन यांच्या मदतीने २०१० मध्ये त्याला सूट मिळाली. तो सैन्यात भरती झाला, अफगाणिस्तानात गेला, नागरिक झाला. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक भाषणाला तो मिशेल ओबामा यांचा पाहुणा होता.

आत्मविश्वास दिला की मुलं सगळं गाठतात, असं सांगणाऱ्यांनी ही पानं फाडून टाकू नयेत. चौघांनाही आपल्याला जमतं हे कळलेलं होतं. अडलं ते फीच्या पावतीवर आणि कागदपत्रांवर, आणि त्याचं उत्तर कुठल्याही प्रयोगशाळेत नव्हतं.

वर्गात नेताना

शिक्षकांच्या बैठकीत हे प्रकरण चर्चेला घ्यायचं असेल, तर मी ते दोन तुकड्यांत वाचायला देईन. पहिला तुकडा गळतीच्या रात्रीपाशी थांबेल. त्यानंतर गुणपत्रिका बनवायला सांगायची: या स्पर्धेचे शंभर गुण कसे वाटाल? अनुभव असा की बहुतेक जण रोबोच्या कामगिरीला सर्वांत मोठा वाटा देतात, आणि अहवालाला उरलेसुरले. मग दुसरा तुकडा.

त्यानंतरचे प्रश्न आपल्याच शाळेकडे वळवायचे. आपल्या रोबोटिक्सच्या तासात कोणते निर्णय खरोखर मुलं घेतात आणि कोणते संच विकणाऱ्याने आधीच घेऊन ठेवलेत? रोबो अडकला की हात कोणाचा पुढे येतो, मुलाचा की आपला? गटात कीबोर्ड कोणाच्या ताब्यात असतो आणि तार धरून कोण उभं असतं. तार धरणाऱ्याला तो प्रोग्रॅम समजावून सांगता येतो का? आणि ‘काय होईल असं वाटलं होतं, काय झालं’ या दोन ओळी रोबो सुरू करण्याआधी आणि नंतर कोणी लिहून घेतं का?

शेवटच्या प्रश्नाला पैसे लागत नाहीत. वेळ मात्र लागतो, आणि चाळीस मिनिटांच्या तासात संच काढून, जोडून, परत भरायचा असेल तर पहिल्यांदा काट मारली जाते ती याच दोन ओळींवर. ज्या शाळांना हे जमवायचं आहे त्यांनी दर तासाला नवा रोबो जोडायचा आग्रह सोडावा. एकच रोबो महिनाभर जोडलेला राहू द्यावा, आणि तो बिघडू द्यावा.